मागल्या दाराची कडी

कोपनहेगन, सोमवार, २ जून

तीर्थरूप आस्टाआत्यास,

सिस्सेलचा वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही. परवा अस्गरचा मोठा ढोल तिसऱ्या मजल्यावर चढवताना कमरेत काहीतरी कट्‌ झालं. जेवढी वाकलेय तेवढ्यावर गोड मानून घे.) तुझी तब्येत ठीक असेल, रक्तदाबाची गोळी तू सकाळी वेळेवर घेत असशील आणि कपाटामागे टाकत नसशील, असं मी धरून चालते. आयगिलकाकांच्या गुडघ्याचं काय? डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली, तर काकांनी ती शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवली आणि रोज "गायी बघून येतो" म्हणून बाहेर पडतात, अशी बातमी इथपर्यंत आली आहे. त्यांना म्हणावं, गायी बघायला हेल्मेट लागत नाही. मागच्या अंगणातला रुबार्ब यंदा माजला असेल. त्या आंबट दांड्यांच्या मुरंब्याची एक बाटली माझ्या नावाची बाजूला काढून ठेव. तशी तू ठेवतेसच, पण मागितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता एक गुपित फोडते, कारण ते फोडल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येणार नाही. चौदा तारखेला तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी पहाटे सहाला गाव तुमच्या पुढल्या दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधून खाली उभं राहणार, कुणीतरी तुतारी वाजवणार, सगळे गाणार आणि तुम्ही दोघं झोपेतून दचकून उठल्यासारखं करत झग्यावर खिडकीत येणार, हे काही गुपित नाही. (तू आदल्या दिवशीच केस सेट करून झोपणार हेही नाही.) गुपित हे की, त्या दिवशीचं गाणं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. तुझ्या मेरेटेनं फोन करून मला बजावलं की, "चाळीस वर्षं आई सगळ्यांची गाणी लिहितेय, आता तिचं कोण लिहिणार? तू तर गाण्याचंच खातेस." मी हो म्हटलं. पाच महिने झाले त्याला. गाणं झालेलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, चौदा तारखेला तुझ्या डोळ्याला डोळा कसा देऊ, हे मला कळत नाहीये. का, ते सांगते, पण जरा वळसा घालून, नाहीतर माझा धीर सुटेल.

माझ्या धंद्याची हालहवाल विचारशील, तर मी अजून स्वतंत्र गायिका आहे. स्वतंत्र म्हणजे जिचं सामान उचलायला कुणी नसतं ती. गाणी मी लिहिते, चाल मी लावते, पोस्टर मी चिकटवते आणि ढोल अस्गर वाजवतो, पण चढवते मी, कारण त्याचे हात त्याला जपायचे असतात. हिवाळ्यात आम्ही एका चीजच्या दुकानात गायलो. वासानं माझा वरचा सूर लागेना, पण दुकानदारीणबाई म्हणाल्या की उदास गाणं असलं की मऊ चीज जास्त खपतं. पुढे एका वाचनालयात गायलो, तिथे अकरा माणसं होती आणि एक कुत्रा. कुत्र्यानं शेवटपर्यंत ऐकलं. अकरांपैकी तिघं पावसामुळे थांबली होती, असं ती मला निघताना स्वतःहून सांगून गेली. (खरं बोलायची आपल्या लोकांना फार हौस.) तरी म्हणशील तर बरं चाललंय, आणि ते सगळं त्या एका गाण्यामुळे. "कडी नाही"मुळे.

त्या गाण्याचा जन्म मी मुलाखतींत किती वेळा सांगितला असेल! इथल्या नोअरब्रो भागातल्या त्या खोलीत मी बटाटे सोलत होते, तो अमुक माणूस (तू त्याला एकदाच भेटलीस आणि "याला जेवायला जास्त वाढू नका" म्हणालीस तो) आठवड्यापूर्वीच आपली कुंड्यांतली झाडं घेऊन निघून गेला होता, आणि एकदम आकाशातून दोन ओळी माझ्या डोक्यात पडल्या:

मागल्या दाराला कडी नाही,
तुझ्या येण्याला घडी नाही.

मी सुरी खाली ठेवली आणि तासाभरात गाणं संपवलं. ते रेडिओवर लागलं, मग रोज लागायला लागलं. एका मोठ्या पेपरात एका चष्मेवाल्यानं लिहिलं की, महानगरातल्या माणसाच्या आतल्या उजाड पोकळीचं इतकं निर्दय चित्र दहा वर्षांत कुणी काढलं नाही. मी ते कात्रण फ्रिजवर लावलं. खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझ्या दोन्ही रेकॉर्डींवर मिळून बावीस गाणी आहेत, त्यांत यमक म्हणून कुठे नाही. मी यमक जुळवत नाही हीच तर माझी ख्याती. सबंध कारकिर्दीत जुळलेल्या ओळी दोनच, त्या या. आणि कोपनहेगनातल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला मागलं दार कुठून असणार?

गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं त्या दुपारी तुझा फोन आला होता. आठवतंय? तू म्हणालीस, "छान आहे. दुसरं कडवं जरा लांबलंय." मग विचारलंस, लोकरीचे मोजे आहेत का, आणि फोन ठेवलास. चार दिवसांनी मोजे आले. त्या मोज्यांत पाय घालून मी वर्षभर देशभर तुझ्या जिवावर गात फिरले आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमचा कार्यक्रम हिमरलंडातल्या व्हेस्टरलुंड नावाच्या खेड्यात होता, गावाच्या हॉलमध्ये, कॉफी आणि थराच्या केकसकट. अस्गरनं ठरवला होता. त्याला वाटलं तरुण मंडळी असतील. दार उघडलं तर आत लांबलचक टेबलं मांडलेली, पांढरे कागद अंथरलेले, ऐंशी माणसं बसलेली, आणि आम्ही दोघं वगळता साठीच्या आत कुणी नाही. आणि प्रत्येक बशीशेजारी, आत्या, एकेक कागदाची सुरळी, लाल फीत बांधलेली. तुझ्या हाताखाली मी लहानपणी मेजवानीच्या गाण्यांच्या अशा हजार सुरळ्या वळल्यात. हॉलच्या समितीच्या प्रमुख योनाबाई, गोल चेहऱ्याच्या आणि फार प्रेमळ, पुढे येऊन म्हणाल्या की, पेपरात वाचलं तुम्ही गाणी लिहिता, मग आम्ही म्हटलं सगळ्यांनाच गाता यावं. त्यांनी "कडी नाही" इंटरनेटवरून उतरवून ऐंशी प्रती काढल्या होत्या. वर गुलाबाचं चित्र. खाली छापलेलं: "चाल: सुताराची पोर."

मी म्हटलं, अहो, याला स्वतःची चाल आहे. त्या म्हणाल्या, ती आम्ही ऐकली, ती जरा अवघड आहे. आणि पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं सूर धरला सुद्धा. ऐंशी जण उभे राहिले. आत्या, माझ्या एकटेपणाचं ते गाणं, ज्याला गाताना मी डोळे मिटते आणि अस्गर ढोलावर नुसती बोटं फिरवतो, ते त्यांनी "सुताराची पोर"च्या चालीवर, पाय आपटत, पोटातून म्हटलं. जिथे माझ्या ओळीत अक्षरं कमी पडत होती तिथे योनाबाईंनी "हो हो" घातलं होतं. "उशीवर तुझा वास विरत चाललाय, हो हो." दुसरं कडवं खरंच लांबलंय, तिथे त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. मी टेबलाखाली जायचा विचार करत होते, तेवढ्यात ध्रुवपद आलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण ते बसलं. कुठे "हो हो" लागलं नाही, कुठे ओढाताण नाही, अक्षर न्‌ अक्षर त्या चालीत पायमोजा पायात बसावा तसं बसलं. जणू त्या दोन ओळी त्याच चालीवर लिहिलेल्या होत्या.

गाणं संपल्यावर योनाबाईंनी तीन आखूड हुर्रे आणि एक लांब हुर्रे घ्यायला लावला. मग सवयीनं कुणीतरी चमचा कपावर वाजवला, बघता बघता ऐंशी चमचे वाजायला लागले, आणि लग्नाघरी हे वाजलं की नवराबायकोनं काय करायचं असतं ते तुला ठाऊक आहे. आम्ही नवराबायको नाही हे सांगणार कुणाला? अस्गर बिचारा बिटासारखा लाल झाला आणि त्यानं माझ्या गालाला ओठ टेकवले. (एवढंच झालं. आईला सांगू नकोस. तिला सांगितलंस तर ती अस्गरच्या आईला फोन करेल.)

आणि या सगळ्या गोंधळात स्वयंपाकघराचं दार उघडून एक उंच म्हातारी बाहेर आली, ओला एप्रन, हातात केक वाढायचं उलथणं. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "पोरी, हे आस्टाचं आहे."

ती ओडा. तुमच्या बेटावर पंचवीस वर्षं हॉलाहॉलांत मेजवान्या रांधणारी ओडा, आता लेकीकडे व्हेस्टरलुंडला राहते. तुला तिनं नमस्कार सांगितलाय आणि विचारलंय की तुझी ती मोठी पातेली परत मिळाली का. ज्या ज्या मेजवानीला तिनं सूप, भाजलेलं मांस आणि आइस्क्रीम केलं, तिथलं गाणं तिनं जपून ठेवलंय, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, सालवार. मला म्हणाली थांब, आणि सायकलवर घरी जाऊन वीस मिनिटांत डबा घेऊन आली. त्यातून तिनं एक सुरळी काढली. फीत निळी. वर माझा फोटो, चौदा वर्षांची मी, दातांना तारा, कपाळावर पुळी. चर्चमधल्या माझ्या दीक्षेच्या दिवशी तू माझ्यासाठी लिहिलेलं गाणं. चाल: सुताराची पोर. शेवटचं कडवं:

जा, पोरी, जा तू लांब लांब,
म्हणणार नाही कुणी थांब;
मागल्या दाराला कडी नाही,
तुझ्या येण्याला घडी नाही.

आत्या, मी तिथेच खुर्चीवर बसले आणि रडले. ओडानं माझ्यासमोर केकचा तुकडा ठेवला.

आता तू म्हणशील, स्वतःच्या दीक्षेचं गाणं पोरीला आठवू नये? नाहीच आठवलं, कारण मी ते ऐकलंच नव्हतं. निदान हॉलमध्ये बसून नाही. तू गाणं वाटायला उठलीस तेव्हा मी त्या पांढऱ्या फुगीर झग्यात संडासात जाऊन बसले होते, आतून कडी लावून. (त्या दाराला होती.) चौदाव्या वर्षी आत्यानं आपल्याबद्दल लिहिलेलं गाणं साठ माणसं म्हणतायत, यापेक्षा मरण बरं वाटतं. मी कानांवर हात दाबून धरले होते, पण भिंत पातळ होती, आणि तू सगळ्यांत मोठ्यानं गात होतीस. ते शब्द भिंतीतून माझ्यात शिरले आणि एकवीस वर्षं आत गप्प बसून राहिले. मग एक दिवस बटाटे सोलताना मी कधी नव्हे इतकी एकटी होते, तेव्हा बाहेर आले. मला वाटलं माझेच. आकाशबिकाश काही नाही. तुझ्या अंगणातलं, जोडे अडकून बसतात ते, पावसात फुगणारं दार ते. आणि मी त्यातून एका निघून गेलेल्या माणसाची वाट पाहिली, आणि चष्मेवाल्यानं त्यात उजाड पोकळी पाहिली. तू तर मला सांगितलं होतंस की कधीही ये.

तू पहिल्या दिवशीच ओळखलंस. एक शब्द बोलली नाहीस. ओरडली असतीस, चिडली असतीस, मेरेटेकडे माझी निंदा केली असतीस तर मला सोपं गेलं असतं. मी चोरी केली, आत्या, न कळत का होईना, आणि त्यावर टाळ्या घेतल्या. मला तुझी माफी हवी आहे. फोनवर मागितली असती तर तू लगेच मोज्यांवर आली असतीस, म्हणून पत्र.

काकांना नमस्कार. मांजरीला गोंजार.

तुझी,
सिस्सेल

ता. क. आता पत्राचं खरं कारण. तुझ्या गाण्याचे मी अकरा खर्डे केले. पाचवा मेरेटेला वाचून दाखवला. "पन्नास वर्षं. दोन कप. एकाचा कान तुटलेला." असा सुरू होत होता. ती म्हणाली, हे लग्नाचं आहे की मयताचं? मला आनंदाचं लिहिता येत नाही, यमक येत नाही, आणि पहाटे सहाला सगळं गाव हातात सुरळी धरून उभं असेल. तेव्हा लाज सोडून विचारते. तूच लिहितेस का? चार कडवी, "सुताराची पोर"वर. तुझ्या हातचा मळ आहे तो. कुणाला कळणार नाही. तू नाहीतरी आपल्या गाण्यांखाली कधी नाव घालत नाहीस, आणि खिडकीत आल्यावर पहिल्यांदाच ऐकतेयस असा चेहरा कर. तो तुला छान जमतो, दर वाढदिवसाला बघते मी.

ता. क. २. मंगळवार. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. वरचं विसर. काल माफी मागितली आणि त्याच कागदावर दुसऱ्यांदा चोरी करायला निघाले. काय म्हणावं मला! तू लिहू नकोस. मी लिहीन, मयताचं झालं तर मयताचं. आणि रेकॉर्डची नवी आवृत्ती शुक्रवारी छापायला जातेय, तिच्यावर "कडी नाही"खाली तुझं नाव माझ्या आधी असेल. तुला विचारत नाहीये, कारण तू नको म्हणशील. "कशाला उगाच मिरवायचं" म्हणशील. मिरव.

ता. क. ३. बुधवार, सकाळचे साडेदहा, तुझ्या स्वयंपाकघरातून. आमच्या भागात आता टपालाची पेटी उरलेली नाही, आणि उद्या थिस्टेडला कार्यक्रम आहेच, म्हणून म्हटलं पत्र स्वतःच टाकून पुढे जावं. अस्गर बाहेर गाडीत झोपलाय. पुढलं दार वाजवलं, कुणी नाही. मग आठवलं, बुधवारी तुमची म्हाताऱ्यांची कसरत असते. मागे गेले. दार ढकललं आणि उघडलं. सहा वर्षांनी आले असेन या दारानं, आणि जोडा अजून तिथेच अडकतो.

टेबलावर ब्रेडच्या सुरीखाली एक कागद होता. मी दुसऱ्यांचे कागद वाचत नाही, पण वर "सोनेरी लग्नाचं गाणं" असं तुझ्या अक्षरात होतं आणि खाली मार्चची तारीख. मार्च, आत्या! मी तेव्हा दुसऱ्या खर्ड्यावर होते. म्हणजे मेरेटेनं किंवा काकांनी (काकांनीच) तुला तेव्हाच सांगितलं होतं आणि मला जमणार नाही हे तुला माझ्या आधी कळलं होतं. चार कडवी, सुंदर. तिसऱ्यात यमक नाही, आणि समासात तू पेन्सिलीनं लिहिलंयस: "इथे जुळवायचं नाही, पोरीची सवय." दुसरं कडवं लांबलंय. समासात: "मुद्दाम." आणि सगळ्यात खाली, जिथे चाळीस वर्षांत तू कधी स्वतःचं नाव घातलं नाहीस, तिथे लिहिलंयस: "शब्द: सिस्सेल."

मी खुर्ची ओढून बसले. मांजर येऊन मांडीवर बसली. मग तुझीच पेन्सिल घेतली. माझं नाव खोडलं नाही, त्याच्याआधी "आस्टा आणि" लिहिलं. दुसरं कडवं दोन ओळींनी कापलं. आणि माझं नाव खोटं ठरू नये म्हणून शेवटी एक कडवं जोडलंय. तासभर लागला. त्यातल्या शेवटच्या दोन ओळी माझ्या आयुष्यातल्या पहिल्या जुळलेल्या ओळी आहेत, ज्या कुठल्या भिंतीतून आलेल्या नाहीत. हसू नकोस:

पुढल्या दाराला कमान भारी,
मागल्या दारानं आमची स्वारी.

चालीत बसतात. दोनदा म्हणून बघितल्या, मांजरीसमोर. चौदा तारखेला पहाटे सहाला पुढे उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं गाईन, मग कॉफीला मागून येईन. राईच्या ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले, मुरंब्याची माझी बाटली घेतली. दार नुसतं लोटून जातेय.